डावीकडून सैल कुर्ता

"हे काय, ब्लाउजचा गळा कापला का तुमी?"

आदिलाबादच्या दवाखान्यात दामिनीनं राजकुमारला पहिल्याच भेटीत असं झापलं. आतड्याच्या कॅन्सरमुळे ज्यांच्या पोटावर शौचाची नवी वाट काढलीय, त्यांना पिशवी लावायला ती दर मंगळवारी शिकवायची. इचोड्याचा हा टेलर आईला, जयवंताबाईंना, घेऊन आला होता. पिशवीच्या, पोटाला चिकटवायच्या चकतीला त्यानं भोक कापलं होतं, चांगलं ऐसपैस. त्यातून मळ ओघळून म्हातारीची कातडी सोलवटली होती.

"मोठं असलं की काचत नाई…" तो पुटपुटला.

"त्या वाटेच्या कडेला लागून कापा. इतकुसं… हां."

त्याची कात्री तिच्या बोटामागं फिरली. नजरही… चकतीवर असायला हवी होती, नव्हती.

"आन आजी, जेवण काऊन सोडलं?"

"पिशवी भरते ना, बाई. लाज वाटते."

दामिनी त्यांच्या कानाशी वाकली. "माझ्याबी पोटाले हाये, तीन वर्षं झाले. कोनाले सांगू नका."

म्हातारी त्या दिवशी जेवली.

जगाला 'लाज कसली?' म्हणणारी दामिनी स्वतःची पिशवी मात्र ओढणीआड ठेवायची. तिच्यापायीच भैंसा गावात ठरलेलं तिचं लग्न मोडलं होतं.

"एक कुर्ता शिवतो तुमाले. माप द्या ना," राजकुमार दर मंगळवारी म्हणायचा.

"आधी चकतीचं माप घ्या नीट!" ती हसायची… आणि घरी जाऊन रडायची.

मग जयवंताबाईंचा कॅन्सर यकृतात गेला. तीन मंगळवार कोणी आलं नाही. चौथ्या मंगळवारी तो एकटाच आला, उरलेल्या पिशव्या घेऊन.

"आई गेली. शेवटच्या दिवशीबी पिशवी मीच बदलली. एक थेंब नाई सांडला."

त्यानं एक पुडकं पुढं सरकवलं. निळा कुर्ता. डावीकडं चुण्या घालून सैल केलेला, आतून पिशवीपुरता मऊ खिसा.

"आजीनं सांगितलं?"

"नाई. टेलर हाओ मी. बसतानी तुमचा हात डावीकडं जाते. पयल्याच मंगळवारी समजलं."

"तरीबी माप मागितलं?"

"म्हूनच मागितलं."

मग तो उठला. "आता मंगळवारी यायले कारण नाई उरलं…"

दामिनीनं कुर्ता गळ्याशी धरला.

"गळा मोठा झाला. घेऊन जा. पुढच्या मंगळवारी आणा."

त्यानं पाहिलं. गळा अगदी बरोबर होता.

"हो… चुकलंच," तो म्हणाला, आणि आईसाठी इतके दिवस अडवून ठेवलेलं रडू त्याला तिथंच फुटलं.