हलकं झालेलं दार

माझ्या गोष्टी आमच्या घरात कोणी मनावर घेत नाही. बरोबरच आहे. मीठमसाला लावल्याशिवाय मला साधा निरोपसुद्धा सांगता येत नाही.

पण ही गोष्ट सांगताना माझा हात मिठाच्या बरणीकडे जातच नाही.

ही घडलेली आहे. माझ्या सख्ख्या साडूंच्या घरी. पुरावा मागाल तर साडू आहेत, मेहुणी आहे आणि ते दारही अजून तिथंच आहे. ज्याला हवं त्यानं जाऊन बघावं. मी मात्र सोबत येणार नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र हवी, वारा हवा, ऐन वेळी दिवे जायला हवेत. तसलं काहीही नव्हतं. दुपार होती. ढगाळ, मळकट दुपार. जेवणं उरकलेली आणि गल्लीत चिटपाखरू नाही.

आणि जागा म्हणजे घरामागचं गॅरेज.

माझे साडू म्हणजे घरात काहीही बिघडलं की "थांब, मी बघतो" म्हणणारा माणूस. त्यांनी एकदा बघितलं की ती वस्तू पुन्हा कोणी बघण्याच्या लायकीची राहत नाही. गॅरेजचं दार मोटरवर चालायचं. मोटर घरघर करायला लागली, म्हणून साडूंनी ती उघडली. तिची आतडी अजून एका टबात पडून होती. तेव्हापासून दार हातानंच वर सरकवायचं. वर गेलं की ते छताखाली आडवं होऊन बसायचं.

गाडी बाहेर रस्त्यावर उभी असायची, कारण गॅरेजमध्ये मेहुणीचं काम चालायचं. आम्ही तिला धाकटी म्हणतो. ती वेताच्या खुर्च्या विणते. उजेड हवा म्हणून ती नेहमी गॅरेजच्या अगदी तोंडाशी, बरोबर दाराच्या रेषेत बसायची. त्या दिवसांत तिच्या पायाला प्लास्टर होतं. उठायचं झालं की दाराच्या खालच्या कडेला बांधलेली, लोंबती दोरी धरून उठायची.

ती दोरी लक्षात ठेवू नका म्हटलं तरी तुम्ही ठेवालच.

तर झालं असं, की त्या दुपारच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये मोठा आवाज झाला.

धाडकन.

बंदुकीचा बार उडावा तसा. खिडकीची काच थरथरली.

साडू माडीवर होते. त्यांना वाटलं, धाकटीनं खुर्ची पाडली. धाकटी स्वयंपाकघरात होती. तिला वाटलं, यांनी काहीतरी उघडून ठेवलं असणार, तेच पडलं.

दोघंही गप्प बसले.

त्या घरात एक अलिखित करार होता. दुसऱ्याच्या हातून काही पडलं, तर विचारायला जायचं नाही. विचारलं की भांडण, न विचारलं की संसार. एवढ्याशा शहाणपणावर त्यांची इतकी वर्षं सुखात गेली होती.

त्याच शहाणपणानं त्यांचा घात होणार होता.

संध्याकाळी साडूंनी दार वर ढकललं. आणि ते चकित झाले. रोज किंचाळणारं ते दार... गप्प होतं. कुरकुर नाही, खडखड नाही. आणि हलकं इतकं, की जणू पुठ्ठ्याचं!

"बघितलंस?" साडू म्हणाले. "तेल घातलं होतं मी."

"कधी? गेल्या वर्षी?"

"चांगलं तेल मुरायला वेळ लागतो."

दार वर गेलं, तेव्हा छताकडून एक बारीकसा आवाज आला. हं... असा. ओझं उचलताना माणूस करतो तसा.

साडूंनी वर पाहिलं. कोणी नव्हतं. कोण असणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी एक व्हॅन थांबली. धाकटीनंच मोटरसाठी मिस्त्रीला बोलावून ठेवलं होतं, नवऱ्याला न सांगता.

"मी करतच होतो की," साडू दुखावले.

"अहो, टबातल्या त्या तुकड्यांना आता पालवी फुटेल."

मिस्त्री हसला. तोही कमी बोलका नव्हता. "साहेब, मोटर उघडणं सोपं असतं. आमचा धंदा तुमच्यासारख्या लोकांवरच चालतो. या भागातली अर्धी दारं माझ्या हाताखालून गेलीत. दार माझी व्हॅन बघूनच उघडतं."

"आमचं दारही उघडतं, एका बोटानं," साडू म्हणाले.

धाकटी तोंडाशीच बसली होती. मांडीवर उलटी खुर्ची, पाय स्टुलावर पसरलेला. साडूंनी तिच्या डोक्यावरची दाराची कड एका बोटानं स्वतःच्या छातीपर्यंत खाली आणली. पुन्हा एका बोटानं वर नेली.

आवाज... नाही.

मिस्त्री हसतच होता. हसता हसता त्यानं वर पाहिलं. हसू तोंडावर तसंच राहिलं. डोळ्यांतून मात्र गेलं.

"साहेब, बोट काढा."

"का?"

"हळू. ढकलू नका, ओढू नका. नुसतं काढा."

साडूंनी बोट काढलं. दार जिथं होतं तिथंच राहिलं.

"आता दाराच्या वर, तो लोखंडी दांडा बघा. त्यावर वेटोळ्यांची जाड स्प्रिंग आहे ना? मधे बघा."

साडूंनी पाहिलं. स्प्रिंग मधोमध तुटली होती. दोन तुकड्यांत चांगली हात घालण्याएवढी फट होती.

"काल-परवा बार उडाल्यासारखा आवाज झाला होता?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"मला वाटलं, तू..."

"मला वाटलं, तुम्ही..."

"दाराचं सगळं वजन ती स्प्रिंग धरते," मिस्त्री आता हळू आवाजात बोलत होता. "आपण नुसता हात लावतो. स्प्रिंग तुटली की दार म्हणजे निव्वळ लोखंड. दोन माणसांना हलत नाही. चुकून वर राहिलंच, तर कधी खाली येईल सांगता येत नाही. आणि येतं ते सुऱ्यासारखं."

"पण आम्ही कालपासून उघडतोय, लावतोय..."

"तेच तर. दार ओढून धरणाऱ्या त्या बाजूच्या तारा बघा. लोंबायला हव्या होत्या. ताठ आहेत." त्यानं बोटानं तार दाखवली. "वजन वाफ होऊन उडत नाही, साहेब. ते कुणावर तरी असणारच."

"बाई गं," धाकटी म्हणाली. "मी सरकते बाजूला." आणि सवयीनं तिचा हात दोरीकडे गेला.

"दोरीला हात लावू नका, ताई!"

तिचा हात हवेतच थांबला.

साडू पुढे धावले. मिस्त्रीनं त्यांचा दंड पकडला. "तुम्ही ताईंना उचलायला जाल, त्यांचा तोल जाईल, त्या दोरी धरतील. मग दोघंही खाली सापडाल. ताई, दगडासारख्या बसा. साहेब, तुम्ही दाराला शिवू नका. मी पकडी आणतो."

तो व्हॅनकडे पळाला.

साडू आणि धाकटी दोघंच उरले. मधे हातभर अंतर. आजवर हे अंतर साडूंना कधी जाणवलंही नव्हतं.

"अहो, घाबरलात?"

"छे."

"मग माझी खुर्ची का धरून ठेवलीय?"

साडूंनी पाहिलं. तिच्या मांडीवरच्या खुर्चीचा पाय त्यांनी मुठीत आवळला होता.

तेवढ्यात वरून आवाज आला.

कर्र...

घामेजला तळवा लोखंडावरून सरकावा तसा.

धुळीची एक धार सुटली आणि धाकटीच्या केसांत पडली. दार खाली आलं. बोटभरच...

थांबलं.

आणि पुन्हा बोटभर वर गेलं.

साडू सांगतात, "मला ते दार खाली आल्याचं इतकं काही वाटलं नाही रे. ते वर गेलं ना... हमाल खांद्यावरचं पोतं नीट करून घेतो ना, तसं गेलं."

धाकटीनं डोळे मिटले होते.

मिस्त्री दोन पकडी घेऊन आला. एकदा आवळली की लोखंडाला घट्ट बसणारी पकड असते, तसल्या. दाराची चाकं ज्या रुळांतून धावतात, त्या रुळांवर चाकाच्या खाली त्या बसवायच्या, म्हणजे दार खाली येऊ शकत नाही. पण रूळ आतल्या बाजूला. आत जायचं म्हणजे दाराखालून जायचं.

तो क्षणभर थांबला. मग श्वास रोखून आत शिरला.

डावीकडची पकड. खट्.

धाकटीच्या पाठीमागून तो पलीकडे गेला. उजवीकडची पकड. खट्.

"झालं?" साडूंनी विचारलं.

मिस्त्रीनं टाचा उंचावल्या. तो पकडीकडे बघत होता. चाक आणि पकड यांत नखाएवढी फट होती. दार पकडीवर टेकलंच नव्हतं. आधार दिला तरी ते अजून हवेतच होतं.

कोणीतरी ते अजून सोडलं नव्हतं.

मिस्त्रीच्या कपाळावर घाम आला. तो दांड्याकडे तोंड करून उभा राहिला. आणि शेजारी काम करणाऱ्या माणसाला सांगावं, तशा साध्या आवाजात म्हणाला,

"धरलं."

खण्ण!

सगळं वजन पकडींवर कोसळलं. भिंती हादरल्या. आणि वरून, त्या दांड्यापासून, एक लांब उसासा ऐकू आला.

हाऽऽश...

साडूंनी खुर्चीसकट धाकटीला बाहेर ओढलं. स्टूल आडवं झालं, वेत विखुरले. अंगणात बसून ती आधी रडली आणि मग म्हणाली, "तेल मुरलं हं तुमचं." तेव्हा साडूंना कळलं की ती धड आहे.

मिस्त्री बराच वेळ आतच उभा होता.

"तुम्ही 'धरलं' का म्हणालात?" साडूंनी नंतर विचारलं.

"आमच्यात रीत आहे. दोघं मिळून काम करताना एकानं दांडा धरलेला असतो. दुसरा 'धरलं' म्हणेपर्यंत पहिला सोडत नाही. हात तुटला तरी नाही." तो ओठ चाटत म्हणाला, "जो कोणी होता, त्याला ही रीत ठाऊक होती."

गल्लीतली माणसं बोलावून दार हळूहळू खाली टेकवलं. मिस्त्री शिडीवर चढला. साडू शिडी धरून खाली उभे होते.

दांड्यावर जुनं ग्रीस आणि धूळ यांचा थर होता. त्या थरात, स्प्रिंगच्या दोन तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत... मुठींचे ठसे होते. दोन. शेजारी शेजारी. घट्ट आवळलेले.

डाव्या मुठीत करंगळीचा ठसा अर्धाच होता.

मिस्त्रीनं हळूच आपला डावा हात उचलला आणि त्या ठशावर ठेवला.

तेव्हा साडूंना पहिल्यांदा दिसलं. त्याच्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं.

मूठ ठशात बरोबर बसली. सुतभरही फरक नाही.

"तुम्ही... याआधी इथं आला होतात?"

"साहेब, या गल्लीत मी आज पहिल्यांदा येतोय."

त्यानं फडकं घेतलं आणि दांडा खसाखसा पुसून काढला. नवी स्प्रिंग चढवली. स्प्रिंगला पीळ देताना बाजूला उभं राहायचं, समोर कधीच नाही, आणि घरच्या माणसानं हे काम चुकूनही करायचं नाही, एवढंच तो बोलला. मघाशी इतका बडबडणारा माणूस, मोटरला हात न लावता, निरोपसुद्धा न घेता गेला.

इथवर असतं तर मीही म्हटलं असतं, चला, जीव वाचला, मिटलं.

काही आठवड्यांनी साडूंना मिस्त्रीचा फोन आला. अशाच एका दुपारी.

"साहेब, दार उघडं आहे का?"

"आहे. का हो?"

"जरा लावून घेता?"

"अहो, पण काय झालं?"

पलीकडून दमलेला श्वास ऐकू आला. मग तो म्हणाला,

"हात भरून आलेत."

साडू हसले. मिस्त्री हसला नाही. साडूंनी धाकटीला बाजूला घेतलं आणि दार खाली आणलं. ते जमिनीला टेकताच फोनमधून उसासा आला. लांब.

हाऽऽश...

फोन बंद.

मग असे फोन येतच राहिले. दार उघडं असेल आणि खाली कोणी असेल, तेव्हाच यायचे. साडूंनी दुसरा मिस्त्री आणून दाखवला. त्यानं सगळं ठोकून पाहिलं. "स्प्रिंग ठणठणीत आहे," म्हणाला. मग दार दोन-तीनदा वरखाली केलं आणि मान तिरकी करून बघत राहिला. "जरा जास्तच हलकं चालतंय, नाही?"

धाकटी आता झाडाखाली बसून विणते. दार बंदच असतं. पण बंद दार कधीतरी उघडावंच लागतं. वेताच्या मोळ्या आत असतात, खुर्च्या आत असतात.

मध्यंतरी फोन यायचे थांबले. साडूंनी स्वतः लावून पाहिला. नुसता वाजत राहिला. ते त्याच्या दुकानावर गेले. कुलूप. शेजारच्या न्हाव्यानं सांगितलं, "त्यानं धंदा सोडला. कुठं गेला कोणास ठाऊक. शेवटी शेवटी हातात पाण्याचा पेला धरवत नव्हता बिचाऱ्याला."

परवा साडू माझ्याकडे आले होते. मी त्यांची थट्टा केली. म्हटलं, बरं झालं, फोनची कटकट गेली.

ते हसले नाहीत. दार अजून तसंच चालतं म्हणाले. एका बोटानं. आवाज नाही.

"फोन यायचा ना," ते म्हणाले, "तेव्हा निदान कळत तरी होतं... धरून कोण आहे ते."