बेलेनची बोट

फिलिपाईन्समधल्या इलोइलो शहरात इसिद्रा पालमारेसपेक्षा तिची भुतंच जास्त लोकांच्या ओळखीची होती. मोलोच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता ती साप्ताहिकात लिहू लागली. आधी चंद्रावरचे कोळी, मग समुद्रातून चालत येणारी यंत्रं, आणि वाचक सोकावले तशी भुतं. पाद्रीबाबांनी भर प्रवचनात तिची एक कादंबरी झोडपली, तर त्या आठवड्यात ती दुकानात औषधालाही मिळेना. तिचा स्वतःचा मात्र कशावरच विश्वास नव्हता. "भुतांवर माझं पोट चालतं," ती म्हणायची, "त्यांना घाबरून कसं भागेल?"

सध्या मात्र तिचं घोडं अडलं होतं. नव्या कादंबरीत माणसाला क्षणात समुद्रापार पोचवणारं यंत्र होतं. पोचणारा पोचत होता. पण इथून निघालेल्याचं काय होतं, ते काही केल्या सुचत नव्हतं. वर्षभर ती शेवटाशी झटत होती. मनिलाचा प्रकाशक आता रोज फोन करायचा.

त्या रविवारी दुपारी तिघी जेवत होत्या: इसिद्रा, धाकटी बहीण बेलेन आणि आईमागे दोघींना वाढवणारी आत्या, तिया पुरिंग. फणस आणि तुरीचे दाणे घालून डुकराच्या मटणाची आमटी, भात, तळलेला मासा. बेलेनला समुद्रापलीकडच्या बाकोलोदची बोट गाठायची होती. दारात रिक्षा वाजली तशी ती अर्ध्या जेवणावरून उठली. थोरलीला ती मानांग म्हणायची, आणि थोरली तिला इंदाय.

"मानांग, माझ्या माशाला हात लावलास तर भूत होऊन येईन हं!"

"आधी पोच तर नीट!" इसिद्रा हसली.

"ताटल्या फिरवा गं," म्हणत तिया पुरिंगने आपली ताटली जागच्या जागी गरकन फिरवली. भरल्या पानावरून कुणी प्रवासाला उठलं की मागे राहिलेल्यांनी आपापली ताटली फिरवायची, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. इसिद्राच्या कानाला फोन होता आणि पलीकडे प्रकाशक. "फिरवते, फिरवते," ती पुटपुटली आणि विसरून गेली.

प्रकाशकाचं बोलणं संपलं, तोवर भात निवलाही नव्हता. फोन पुन्हा वाजला. बेलेन.

"पोचले गं मानांग. लुसियाकडे बसलेय."

"थापा मारू नकोस, इंदाय. आत्ता तर निघालीस."

"घे, तिच्याशीच बोल."

बाकोलोदची मामेबहीण लुसिया खरंच फोनवर आली. मागे तिचा म्हातारा कुत्रा भुंकत होता. "काय गं, हिला उपाशी पाठवलंस का? आल्यापासून खातेय नुसती!"

इसिद्राने फोन खाली ठेवला, तोच तो परत वाजला. नंबर तोच.

"मानांग, बोट लेट आहे गं. धक्क्यावर ऊन नुसतं भाजतंय. येऊ का परत जेवायला?"

मागे हमालांची ओरड होती. भोंगा होता.

तिया पुरिंगने सगळं ऐकलं होतं. तिचा घास हातातच राहिला. "इसिद्रा, तुझी ताटली. ती अजून धक्क्यावर आहे. फिरव, आणि तिला म्हणावं, घरी ये."

इसिद्राच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण तो भीतीचा नव्हता. आनंदाने तिचे कान तापले होते, छाती धडधडत होती. निघालेला कुठे जातो? कुठेच नाही!

तिने ताटलीवर बोटं टेकवली. फिरवली असती तर सगळं मिटलं असतं. पुढचं कधीच कळलं नसतं.

"थांब तिथंच, इंदाय," ती फोनवर म्हणाली. "येईल बोट."

"अगं, बहीण आहे ती तुझी!"

"संध्याकाळपर्यंतच, तिया. मग फिरवते ना."

तियाने ताटलीकडे हात नेला आणि मागे घेतला. ज्याची ताटली त्यानेच फिरवायची असते. इसिद्रा लिहायला बसली ती उठलीच नाही. संध्याकाळी टेबल पुसलेलं होतं, ताटल्या धुतलेल्या होत्या.

चार दिवसांनी बेलेन बाकोलोदहून परत आली. हसरी, टवटवीत. त्या दुपारचं जेवण तेवढं तिला आठवत नव्हतं. तिया पुरिंग तिच्याबरोबर एकदाही पानावर बसली नाही. बोचकं बांधून पुतण्याकडे राहायला गेली.

कादंबरी मात्र अशी गाजली की विचारू नका. इलोइलोत प्रकाशनाला रांग पार रस्त्यापर्यंत गेली. पोरं ओरडत होती, फोटो काढत होती, आणि शेजारी बसून बेलेन सहीसाठी पानं उघडून देत होती. इसिद्राला इतकं सुख आयुष्यात झालं नव्हतं.

फोन थरथरला. बेलेनचं नाव.

बेलेनचा फोन तिच्यासमोर टेबलावर बंद करून ठेवलेला होता.

इसिद्राने कानाला लावला.

"मानांग, बोट आलीच नाही गं. आता इथं कुणीसुद्धा नाही. आणि ऊन जरासुद्धा हललेलं नाही." आवाज रडवेला झाला. "मी घरी येऊ ना?"

शेजारच्या बेलेनने पुढचं पुस्तक उघडून समोर सरकवलं.

इसिद्राने सही अर्धी सोडली. एक कोरा कागद जवळ ओढला.

"येशील गं, येशील," ती हळूच म्हणाली. "आधी सांग, आणखी काय दिसतंय?"