शेवटच्या दुपारचं बोलणं

“सिद्धी का? मी इन्स्पेक्टर नागनाथ. ‘सोबती’ सेवेत चॅटवर लोकांशी बोलता ना तुम्ही?”

“हो.”

“परवा दुपारी भूमिका नावाच्या बाईशी बोललात. काल सकाळी हेब्बाळच्या तळ्यात तिचं प्रेत सापडलं.”

सिद्धीनं लॅपटॉप उघडून परवाचं बोलणं पुन्हा काढलं.

ती मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. जे. पी. नगरमधल्या पीजीच्या खोलीतून, लॅपटॉपवर, जगणं नकोसं झालेल्या अनोळखी माणसांशी ती बोलायची. आवाज नाही, चेहरा नाही. फक्त अक्षरं. भूमिका काही वेळा आली होती, नेहमी दुपारीच. परवा तिनं लिहिलं, ‘आता सहन होत नाही.’ सिद्धीनं शिकवल्याप्रमाणे तिला भानावर आणायचा प्रयत्न केला. ‘विचार करू नकोस, पटापट लिही. समोर काय दिसतंय?’

‘पांढरी भिंत.’

‘ऐकू काय येतंय?’

‘पाण्याची धार.’

‘वास कसला येतोय?’

‘लवंगेचा.’

मग, ‘बरं वाटतंय आता. थँक्स.’ सिद्धीनं त्यावर विश्वास ठेवला होता.

“तिच्या आईला तुम्हाला भेटायचंय,” नागनाथ म्हणाले. “मलाही.”

सेवेच्या प्रमुख नीलिमाताईंनी परवानगी दिली आणि सिद्धी हेब्बाळला पोचली.

भूमिकाच्या घरात तिघं होते. भूमिकाची आई भाग्यलक्ष्मी भिंतीला टेकून बसली होती. नवरा शंतनु खिडकीशी उभा होता. खुर्चीत सांत्वनाला आलेले डॉक्टर गिरीराज होते. त्यांच्या दातांच्या दवाखान्यात भूमिका मदतनीस होती.

“ये गं,” भाग्यलक्ष्मी म्हणाली. “स्वल्प, जरा जवळ बस. माझी पोर काय म्हणाली तुला? माझं नाव घेतलं?”

सिद्धी तिच्या शेजारी बसली.

नागनाथांनी प्रश्न सुरू केले. “पोटात झोपेच्या औषधाचा अंश सापडलाय. घरात होतं?”

“नाही,” शंतनु म्हणाला.

“भांडणं व्हायची?”

उत्तर भाग्यलक्ष्मीनं दिलं. “व्हायची तर! मोठा ताप येऊन गेला तिला, तेव्हापासून नाकाला काही कळेनासं झालं होतं. दूध करपून घरभर धूर झाला तरी पत्ता नाही. आणि हा बाबा तिच्यावर ओरडायचा! पुण्याहून आला, माझ्या पोरीचा नवरा झाला आणि...”

“चिडायचो मी,” शंतनु म्हणाला. “खरंय ते.”

“परवा दुपारी कुठे होतात?”

“के. आर. पुरमच्या ऑफिसात. मीटिंगमध्ये. कुणालाही विचारा. तिला फोन करत होतो, पण दुपारी ती उचलायचीच नाही. कामावर असताना फोन डॉक्टरांच्या केबिनमध्ये ठेवावा लागायचा.”

“स्वच्छतेचा नियम आहे,” डॉक्टर म्हणाले. “पेशंटच्या तोंडात हात घालायचा असतो. जेवायच्या सुट्टीत मात्र ती केबिनमध्ये बसून काहीतरी टाइप करत असायची. आमच्याकडे एक मूल दगावलं. भुलीचं औषध त्याला सोसलं नाही. तिनं ते मनाला लावून घेतलं होतं.”

सिद्धी एकदम उठली.

“आई, तिला वास अजिबात यायचा नाही?”

“अजिबात. फोडणीत हिंग पडला का, तेही मला विचारायची.”

सिद्धीनं नागनाथांकडे पाहिलं. “सर, मग माझ्याशी बोलली ती भूमिका नव्हती.”

“कशावरून?” नागनाथांनी विचारलं.

“तिला लवंगेचा वास येणं शक्यच नव्हतं. मी घाई करत होते. खोटं रचायला वेळ लागतो. त्यामुळे लिहिणाऱ्यानं जे होतं तेच लिहिलं. पांढरी भिंत, पाण्याची धार, लवंग. मी समजले, स्वयंपाकघर.”

“दात दुखला की लवंगेचं तेल लावतात,” नागनाथ सावकाश म्हणाले. “दातांच्या दवाखान्यात शिरलं की पहिला तोच वास येतो, आणि चूळ भरायच्या बेसिनात पाण्याची धार असतेच. शंतनु, बायकोच्या फोनला लॉक होतं?”

“नाही. आई तिचा फोन वापरायच्या, म्हणून ती लॉक ठेवायची नाही.”

“म्हणजे ती बाहेर पेशंटजवळ उभी, आणि तिचा उघडा फोन केबिनमध्ये.”

“शेवटी ‘बरं वाटतंय’ हे मुद्दाम लिहिलं,” सिद्धी म्हणाली. “नाहीतर आम्ही त्या नंबरवर फोन केला असता आणि ती म्हणाली असती, मी तर काहीच लिहिलं नाही.”

डॉक्टर हसले. “लवंगेवरून मला फासावर चढवणार?”

“लवंगेवरून नाही,” नागनाथ म्हणाले. “तुमच्या औषधांच्या कपाटावरून आणि गाडीवरून. माझी माणसं दवाखान्यात पोचतीलच. पण तिला मारायचं कारण काय?”

उत्तर खिडकीकडून आलं. शंतनु डॉक्टरांकडे बोट दाखवत होता.

“ते मूल. यांनी भुलीचं औषध दुप्पट दिलं होतं. तिनं पाहिलं होतं. सोमवारी ती पोलिसांत जाणार होती. मी तिला म्हटलं, नसत्या भानगडीत पडू नकोस. आधी डॉक्टरांशी बोलून घे. मीच पाठवलं तिला. बोलायला.”

डॉक्टर दाराकडे सरकले. दारात हवालदार उभा होता.

संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या कपाटात तेच झोपेचं औषध सापडलं आणि गाडीच्या मागच्या सीटखाली भूमिकाची एक चप्पल. डॉक्टरांनी कबुली दिली. दवाखाना बंद झाल्यावर तिला बोलायला थांबवलं, कॉफीतून औषध दिलं आणि अंधार पडल्यावर तळ्यावर नेलं. आधीच्या दुपारीही तिच्या नावानं डॉक्टरच लिहीत आणि ते संदेश पुसून टाकत. आत्महत्या वाटावी म्हणून शेवटचे तेवढे पोलिसांसाठी ठेवले होते.

हे सगळं भाग्यलक्ष्मीला सांगायचं काम सिद्धीनं स्वतःकडे घेतलं. ती तिच्याजवळ जमिनीवर बसली.

“आई, ते शब्द तिचे नव्हते. तिला मरायचं नव्हतं.”

भाग्यलक्ष्मीनं तिचा हात घट्ट धरला.

“मग शेवटी फार घाबरली असेल गं ती,” ती म्हणाली.