चार नंबरची पिवळी रेघ

ज्योतीराम पहिल्यांदा दिसला तो शिडीच्या टोकाला, आणि तेजस्विनीला आधी दिसले ते त्याचे बूट. उजव्याची नाडी सुटलेली.

"चार नंबरचा अँटेना बिघडणार, असं माझा प्रोग्रॅम म्हणतोय," ती खालून म्हणाली. "तुम्ही पडणार, हे मी म्हणते."

"प्रोग्रॅमपेक्षा तुमचं भविष्य भारी आहे, मॅडम. पण कनेक्टर खरंच सैल आहे."

त्याने तो आवळला आणि नटावरून खालपर्यंत पिवळ्या मार्करने सरळ रेघ ओढली. नट पुन्हा हलला तर रेघ तुटलेली दिसते. चाकणचा कुठलाही फिटर हे सांगेल.

तो गुरुवार होता. या पट्ट्यात कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. कंपनी बंद, दुरुस्तीवाले आणि तेजस्विनी तेवढे कामावर. कंपनीचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क होतं, एकाचेच तीन भाग केलेले, पिंपरीच्या रस्त्यावर बीआरटीच्या बसला लेन वेगळी आखावी तसे. एक लेन शेडमधून माल वाहणाऱ्या बिनड्रायव्हरच्या गाड्यांची, दुसरी कॅमेऱ्यांची, तिसरी लोकांच्या फोनची.

"आणि बीआरटीसारखंच कुणीही घुसतं का मधे?" ज्योतीरामने विचारलं.

"घुसायच्या आधी ओळखायचं, त्याचाच पगार घेते मी."

प्रोग्रॅम बिघाडाचा अंदाज सांगायचा, ठेकेदाराचा माणूस म्हणजे ज्योतीराम जाऊन बघायचा आणि काय सापडलं ते नोंदवायचा. त्या नोंदी वाचून प्रोग्रॅम शहाणा व्हायचा.

पुढच्या गुरुवारी पुन्हा चार नंबर. त्याच्या पुढच्याही. सुट्टीला कॅन्टीन बंद, म्हणून ज्योतीराम दोघांपुरता डबा आणू लागला. शेंगदाण्याची चटणी उदगीरहून आईने पाठवलेली. भाकरी मात्र तो स्वतः थापायचा, ते आकारावरूनच कळायचं.

"हा कुठला नकाशा?"

"लातूर जिल्हा," तो गंभीरपणे म्हणाला. "उदगीरकडून तोडा, तिकडं जरा मऊ आहे."

तिने बरोबर तिकडूनच तोडली.

एका गुरुवारी ती नवा कुर्ता घालून आली आणि 'बाकीचे वाळले नव्हते' असं कुणी न विचारताच सांगून बसली. त्याची नाडीही दर गुरुवारी सुटलेलीच असायची... कारण ती दर गुरुवारी सांगायची.

बाराव्या गुरुवारी सकाळी तिच्या साहेबांचा, निरंजन सरांचा फोन आला. "सोमवारपासून प्रोग्रॅमला मोकळीक. कुणाला न विचारता तोच अँटेना बंद करून पुन्हा चालू करेल. चार नंबरचा अंदाज तर अकरापैकी अकरा वेळा खरा!"

अकरापैकी अकरा ऐकून ती काही खूश झाली नाही. इतका गुणी प्रोग्रॅम आपण बनवलेला नाही, हे तिला ठाऊक होतं. शिडी लावून ती स्वतः चढली.

रेघ सरळ होती. कुठे तुटलेली नाही, वर अकरा आठवड्यांची धूळ. खाली बिनड्रायव्हरच्या गाड्या एका कोपऱ्यात दाटीने चार्जिंगला उभ्या, दर सुट्टीला असतात तशा. त्या दाटीनेच सिग्नलचं माप घसरत होतं. प्रोग्रॅम सुट्टीला बिघाड समजत होता, आणि कुणीतरी दर वेळी त्याच्या होला हो करत होतं.

ज्योतीराम डबा घेऊन आला.

"कनेक्टर किती वेळा सैल होता, ज्योतीराम?"

डब्याचं झाकण त्याच्या हातातच राहिलं. "तीनदा 'काही सापडलं नाही' लिहिलं असतं, तर तुम्ही हा इशारा बंद केला असता. मग मला इकडं कोण पाठवणार होतं?"

"म्हणून लिहिलंत?"

"आणखी कशाला लिहितो माणूस..." तो तिच्याकडे पाहत नव्हता. "सांगणार होतो. चटणी संपायच्या आत."

हेच ऐकायला तिने इतके गुरुवार कान टवकारले होते. आता ऐकलं, तर डोळ्यांपुढे सोमवार आला.

"सोमवारपासून तो कुणाला विचारणार नाही," ती म्हणाली. "भर शिफ्टमध्ये गाड्या दाटल्या, की चांगला अँटेना बंद करेल, आणि चालत्या गाड्यांचा सिग्नल तुटेल. त्या गाड्यांमधून माणसं चालतात."

"व्हय," तो हळूच म्हणाला.

गुपचूप खोडता आलं असतं का? तिने तो विचार केला, चांगला दोनदा केला. पण ज्याची नोंद, त्याच्याच सहीने दुरुस्ती, असा नियम होता. आणि खोट्या नोंदीला एकच शिक्षा, गेटपास जमा.

"द्या इकडं," म्हणून त्याने लॅपटॉप ओढला. दहा वेळा तेच टाईप केलं: काहीही सापडलं नाही. ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली.

पहिल्या नोंदीवर तो थांबला. "ही राहू द्या. त्या दिवशी खरंच सैल होतं."

"माहीत आहे. रेघ बघितली मी."

भाकरी त्यांनी खाल्ली, उदगीरकडूनच सुरुवात करून. चटणी थोडी उरली. झाकण लावून त्याने डबा तिच्या टेबलावरच ठेवला.

संध्याकाळी गेटवर त्याने पास काढून दिला. मग वाकून नाडी बांधली, दुहेरी गाठ मारून, घट्ट. तिने काही सांगितलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी चार नंबरचं माप घसरलं. प्रोग्रॅमने ते पाहिलं, आणि पडद्यावर उमटलं — कुणाला पाठवण्याची गरज नाही.

अंदाज बरोबर होता.