तीस सेकंद

दादा आणि मी एकाच हॉस्पिटलात नोकरीला आहोत. जुन्या इमारतीचं नेटवर्क तो बघतो, नव्या इमारतीचं मी. घरून एकाच मोटारसायकलवर निघतो, आणि अकरा वर्षं ती तोच चालवत आला.

प्रत्येक इमारतीत एक मोठा स्विच आहे, म्हणजे तिथले सगळे संगणक जोडणारी पेटी, आणि त्या दोन स्विचच्या मध्ये दोन तारा टाकल्या आहेत; एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. पण दोन्ही एकदम चालू ठेवल्या, तर एकच निरोप गोल गोल फिरत वाढत जातो आणि पाच मिनिटांत सगळं हॉस्पिटल ठप्प होतं. म्हणून स्विच आपणहून एका तारेचं एक टोक बंद ठेवतात. ते टोक मेलेलं नसतं. त्याला सगळं ऐकू येतं, फक्त बोलता येत नाही. चालू तार तुटलीच, तर ते तीस सेकंदांत बोलू लागतं: पंधरा सेकंद कानोसा, पंधरा सेकंद ओळखपाळख, मग वाट मोकळी.

प्रत्येक स्विचला मानाचा एक आकडा दिलेला असतो; दोघांत ज्याचा आकडा लहान, तो स्विच मुख्य. बंद टोक नेहमी दुसऱ्याच्या वाट्याला येतं. आकडे सारखे असले तर बहुधा जुना जिंकतो. म्हणजे दादाचा. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या दुपारी बैठकीत साहेबांनी मला नव्या इमारतीबद्दल विचारलं. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "त्याला नाही जमायचं सांगायला. मी सांगतो." सगळे हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

स्विचच्या खोलीत येऊन मी माझ्या स्विचचा आकडा खाली आणायला घेतला. त्याच तारांमधून वॉर्ड, लॅब, ऑफिस अशी वेगवेगळी जाळी जातात. त्यांना आम्ही व्हीलॅन म्हणतो, आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा बदलावा लागतो. दहा, वीस, तीस नंबरच्या झाल्या. यादीत खाली आणखी एक होती, सत्तेचाळीस. ती मी बनवलेली नव्हती. तिच्यावर तीनच यंत्रं दिसत होती. आमच्या घराचा नंबर सत्तेचाळीस, आणि घरात माणसं तीन: आई, दादा, मी. मला हसू आलं. मी तिथलाही आकडा खाली आणला.

संध्याकाळी आई म्हणाली, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेतंय मला?"

"मी नेतो," दादा म्हणाला.

आई माझ्याकडेच बघत राहिली. "अरे, विचारतेय मी. तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

"आई, मी नेतो म्हणालो ना!" दादा चांगलाच ओरडला.

तिची पापणीही हलली नाही.

"मी नेतो," मी म्हणालो.

"तूच रे बाबा एक माझा," ती म्हणाली. हे ऐकायला मी आयुष्यभर कान टवकारून बसलो होतो. दादाच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही.

पुढच्या बैठकीत दादा बोलत होता आणि साहेब पेनाचं टोपण चावत मला म्हणाले, "जुन्या इमारतीचंही तुम्हीच सांगा." आठवड्याभरात मलाही त्याचा आवाज येईनासा झाला. नुसते ओठ हलायचे. आई दोनच ताटं मांडू लागली. तिसरं तो स्वतः घ्यायचा. मोटारसायकल मी चालवू लागलो. मागे त्याचं वजन जाणवायचं.

एका सकाळी तो माझ्यामागे येऊन उभा राहिला. पडद्यावरच्या सत्तेचाळीसवर त्याने बोट ठेवलं. मग हात जोडले. माझ्या मोठ्या भावाने, माझ्यापुढे.

मी बदल अजून सेव्ह केले नव्हते. स्विच एकदा बंद करून चालू केला असता, तर सगळं पूर्ववत झालं असतं. बटण माझ्या कोपरापाशी होतं.

"साहेबांना सांग की," मी म्हणालो. "तुला छान जमतं सांगायला."

आणि त्याच्या देखत मी सेव्ह केलं.

तेव्हापासून मला खोकला लागला आहे. स्विचच्या खोलीतल्या गारठ्याने असेल. डॉक्टर म्हणतात, घशात काही नाही. पण बोलता बोलता आवाज तुटतो, सहा-सात सेकंद काहीच फुटत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा दादाने खायचं थांबवलं. दुसऱ्यांदा त्याने मनगटावरचं घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवलं.

आता ते रोज तिथेच असतं.

काल आईला औषधाची वेळ सांगताना ठसका लागला. श्वास मिळेना. दादा घड्याळाकडे बघत होता. ओठ हलत होते.

मी टेबल धरलं. आई म्हणाली, "बोल ना, पुढे काय?"

दादा मोजत राहिला.

कसाबसा माझा आवाज फुटला. पण त्याआधी अठ्ठावीस हा आकडा मला स्पष्ट ऐकू आला.

आईची मान त्याच्याकडे वळली होती.