पेट्रोल कुणी भरलं?

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण चंद्रशेखरकाका थापा मारणारा माणूस नाही. रिटायर्ड इंजिनिअर, मोजूनमापून बोलणारे. मला हे सांगताना त्यांच्या हातातला चहा गार झाला, तरी त्यांनी घोट घेतला नाही.

गेल्या जानेवारीतला शनिवार. काका एकटेच न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून चार तासांवरच्या श्रूजबरीला निघाले होते, मुलीकडे, चारुताकडे. रेखाकाकूंना जाऊन सात महिने झाले होते.

वाटेत कनेटिकटमध्ये अपघातामुळे हायवे बंद होता. फोनने जंगलातल्या रस्त्याला वळवलं... आणि मग फोनची रेंजच गेली.

संध्याकाळचे साडेचार. अंधारून आलेलं. बर्फ भुरभुरत होता. पेट्रोलचा दिवा लागून बराच वेळ झाला होता.

इथे गाडी बंद पडली, तर हीटरही बंद. सकाळपर्यंत आपण गारठून मरू, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात एक जुनाट पंप दिसला. दुकानात दिवा नव्हता.

काकांनी इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि बसून राहिले.

"फिल इट अप, प्लीज."

हसू नका. न्यू जर्सीत पेट्रोल पंपावरचा माणूस भरतो. अडतीस वर्षांत काकांनी नळी हातात धरली नव्हती. राज्याबाहेर गेलं की भरायला काकू उतरायच्या.

कुणी आलं नाही. मग काकांना आठवलं, इथे आपणच भरायचं असतं. त्यांनी दाराला हात घातला...

खट्.

मागे टाकीचं झाकण उघडलं.

पेट्रोल पडल्याचा आवाज येऊ लागला. आरशात नुसता बर्फ.

आवाज थांबला. झाकण लागलं. काका खाली उतरले.

बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

पंपाला नळीच नव्हती.

ते धडपडत आत बसले, गाडी चालू केली. काटा फुलवर!

आणि मग... टिंग. टिंग. टिंग.

शेजारच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजतं ते. सीट रिकामी होती. बॅग डिकीत होती.

काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी तोंडून निघून गेलं, "रेखा... बेल्ट लाव गं."

आवाज थांबला.

काकांनी मान वळवली नाही. पण श्रूजबरीपर्यंत ते बोलत राहिले. सात महिन्यांत कुणाशी बोलले नव्हते, इतकं.

चारुता धावत बाहेर आली. "बाबा, फोन का लागत नव्हता? किती टेन्शन आलं होतं!" तिने शेजारचं दार धरलं.

"उघडू नकोस!" काका ओरडले.

तिने उघडलं होतं. रिकाम्या सीटवर बेल्ट लावलेला होता.

"बाबा, हा कशाला लावलात?" म्हणत तिने बटण दाबलं. बेल्ट सर्रकन मागे गेला.

काका स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.

आज दुपारी एकला ते पुन्हा चारुताकडे निघाले. मी विचारलं, "काका, बर्फ सांगितलाय. पेट्रोल भरलंत ना?"

ते हसले. कितीतरी दिवसांनी.

"वाटेत भरेल की ती."

आता सात वाजलेत. चारुताचा दोनदा फोन येऊन गेला. काका अजून पोचलेले नाहीत.