अकरावा टॅब

मुद्रितशोधकाने तिन्ही ब्राउझर घड्याळ लावून तपासले. पहिला उघडायला दोन मिनिटं लागली, दुसऱ्याला पन्नास सेकंद, तिसऱ्याला अकरा. संगणक बारा वर्षांचा, बायकोचा. ती जाऊन पाच महिने झाले होते.

"काका, तिसराच ठेवा, हलका आहे," दुरुस्तीवाली म्हणाली. "या मशीनला आता जिना चढवत नाही."

"मला तरी कुठे चढवतो."

ती हसली. "जुना काढून टाकू? त्यातल्या अकरा टॅबनी सगळी मेमरी खाल्लीये."

ते टॅब बायकोचे. उघडलेलं पान ती कधी बंद करत नसे. त्यावरून दोघांची रोजची कटकट. शेवटचा टॅब त्याने एकदाच पाहिला होता: डावा हात दुखणं, छातीत दडपण. दुपारी साडेचारला तिने तो उघडला, तेव्हा हा शेजारच्या खोलीत पुस्तकात डोकं खुपसून बसला होता. तिने हाक मारली होती का, हे त्याला अजूनही सांगता येत नव्हतं.

"काढा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या ब्राउझरमध्ये एक टॅब उघडाच होता: गुडघ्याचे व्यायाम. तिचा पहिला. तिसऱ्या दिवशी दोन.

त्याने फोन लावला.

"जुन्यातलं काहीच आणलं नाही मी, काका. तुम्हीच उघडलं असेल चुकून."

"असेल." स्वतःवर त्याचा तसाही फारसा भरवसा नव्हता.

पण रोज एकेक वाढत गेला, त्याच क्रमाने. लोकरीचे टाके. कुंडीतल्या मुंग्या. वाचून वाचून मान अवघडणं. हे तिने त्याच्यासाठी शोधलेलं.

दहा झाले. त्यानंतरच्या सकाळीही दहाच होते. त्या दिवशी त्याने पुस्तक हातात घेतलं नाही. जेवण उरकून खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसला. या वेळी हाक आली तर ऐकू यावी, एवढंच त्याला हवं होतं.

चार वाजले. सव्वाचार.

साडेचारला टॅब उघडला. शोधाच्या चौकटीत अक्षरं उमटू लागली, एका बोटाने टाइप केल्यासारखी.

डाव्या हाताबद्दल काही नव्हतं.

नवरा दुपारपासून खुर्चीत बसून आहे. हाक मारली तरी ओ देत नाही.

"ओ," तो म्हणाला. मग मोठ्याने, "अगं, ओ."

अक्षरं क्षणभर थांबली. मग ओळ पुढे सरकली.

हातही गार लागतोय.